बाबांचा गंभीर सिनेमा

माझ्या भाच्याने अकोटात सिनेमा काढला, तेव्हा त्याच्यापाशी मागून आणलेला कॅमेरा होता आणि फुकटातला नायक. नायक म्हणजे माझे बाबा. गोष्ट एका म्हाताऱ्या क्रांतिकारकाची: तरुणपणी शेतमजुरांचे मोर्चे काढणारा, तुरुंगात जाऊन आलेला, आणि आता तालुक्याचा वार्ताहर म्हणून नगरसेवकांच्या वाढदिवसांच्या बातम्या देणारा. बाबांचं आयुष्यही नेमकं हेच, त्यामुळे अभिनयाचा प्रश्नच नव्हता.

अडचण एवढीच, की सिनेमा विनोदी होता आणि हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, विनोद करायला जातील आणि सगळं बिघडेल, असं भाच्याचं म्हणणं. मी अमरावतीहून फोनवर त्याला झापलं, पण सांगायची हिंमत माझीही होईना. उशिरा का होईना, चळवळीची कोणी दखल घेतली, या आनंदात बाबांनी दाढी वाढवली होती. रोज सकाळी आरशापुढे संवाद चालायचे. ते दुखावले तर, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

एका प्रसंगात नगरसेवक केक कापतो आणि वार्ताहर सवयीने मूठ उगारून ‘इन्किलाब जिंदाबाद’ म्हणतो. बाबांनी घोषणा अशी दणकून दिली, की केकवरची मेणबत्ती विझली. भाच्याने तोंडात रुमाल कोंबला. प्रसंग फार दमदार झाला, असं बाबा नंतर आठवडाभर सांगत होते.

पहिला खेळ मंगल कार्यालयात झाला, त्याला मीही आले होते. आमच्याकडे वार्ताहर कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच धाडून देतात, कारण अकोल्याला पेपरचं पान लवकर लागतं. बाबांनीही दुपारीच धाडली होती: ‘प्रेक्षकांचे डोळे पाणावले.’

पडद्यावर मेणबत्ती विझली आणि सगळं कार्यालय हसून लोळलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या, पोट्टे शिट्ट्या मारत होते. बाबा उठले आणि बाहेर गेले. मी धडपडत त्यांच्या मागे.

बाहेर ते स्कूटरला टेकून अकोल्याच्या उपसंपादकाशी बोलत होते. ‘डोळे पाणावले’ काढ, ‘हसून पुरेवाट’ टाक, असं सांगत होते. आवाज मात्र जड होता. फोन खिशात घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुले मालूम होतं?”

मी हो म्हटलं आणि मलाच रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत पुन्हा हशा उसळला, तो ते कान देऊन ऐकत राहिले.

“जिंदगीभर घोषणा देल्या,” ते म्हणाले. “माह्या मांगं एवढे लोक कधी एका सुरात बोलले नाई. आज सारे एकाच वक्ती हासले. मंग तवाबी लोकायले हासवाले पाह्यजे होतं काय वं?”

ते अगदी मनापासून विचारत होते.