अर्ध्यावर सोडलेला कोल्हा

आता मी अकलेचे काय दिवे पाजळले, ते कसं सांगू तुम्हाला! हसलात तर मला वाईट वाटेल, आणि नाही हसलात तर जास्तच.

मी पुण्याकडचा पंतोजी. अकोल्याजवळच्या एका खेड्यात नवी सरकारी शाळा चालवायला आलो होतो. चालवणार कशी? विलायतेला कापूस हवा झाला, भाव आभाळाला टेकले आणि अख्खं गाव, पोराबाळांसकट, वेचणीला! शाळेत उरलो मी आणि एक गोष्टींचं पुस्तक.

ऐकायला एकच जण यायचा, सखारामभाऊ. पन्नाशीचा शेतकरी, झुपकेदार मिशा. पण लहान मुलांच्या बोधकथा ऐकताना मांडीवर थापा मारून हसायचा. माणूस इतका सचोटीचा, की अकोल्याचा दलाल त्याच्या कापसाची गाठोडी न उघडताच घ्यायचा.

तो रोज यावा म्हणून मी काय करायचो? गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचो!

त्या दिवशी कोल्ह्याची गोष्ट होती. कोल्हा कापसावर पाणी शिंपडतो, वजन वाढवतो आणि भोळ्या सुगरण पक्ष्याला विकतो. कोल्ह्याचा आवाज तर मी असा काढला म्हणता!

"मंग?" सखारामभाऊ पुढे सरकला.

"बाकी उद्या!"

"हुशार हाय बाप्पा कोल्हा! सरकारी पुस्तक हाय, खोटं कसं असन?" त्यानं पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. मी खूश!

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. दलालाचा माणूस आला. "पंतोजी, पुस्तक घेऊन बाजारात चला."

बाजारात सखारामभाऊच्या गाडीभोवती ही गर्दी! दलालाचा हात गाठोड्यात कोपरापर्यंत. आतला कापूस ओला, गरम, आंबूस वासाचा.

"सखारामभाऊ, तुमी बी?"

"अवो, चोरी नाई! पुस्तकात छापेल हाय. इचारा पंतोजीले!"

"वाचा," दलाल म्हणाला.

चाचरत सुरुवात केली. पण समोर शंभरेक माणसं हो! इतके श्रोते जन्मात मिळाले नव्हते. कोल्ह्याचा आवाज कधी निघाला, मलाच कळलं नाही. ओल्या कापसाला बुरशी येते, सगळं रान कोल्ह्याला वाळीत टाकतं, तिथवर बाजार हसून लोळायचा बाकी होता. लोक सखारामभाऊकडे बोटं दाखवत होते. आणि मी? लाज वाटते सांगायला, पण मी वाहवा घेत होतो!

त्यानं हळूच विचारलं, "पंतोजी, हे पान तुमाले काल मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही आज यावं म्हणून."

त्यानं गाठोडी बांधून बैल जुंपले. तेव्हापासून दलाल त्याचं एकेक गाठोडं उघडून बघतो. आणि तो शाळेकडे फिरकत नाही. फार लागतं हो मनाला.

आता मी शहाणा झालोय. त्या बाजारानंतर गोष्ट ऐकायला लोक येतात, पण मी तात्पर्य आधीच सांगून टाकतो. ते ऐकून लोक उठून जातात. गोष्टीला कोणी थांबतच नाही!