निखिलची काळी पावडर आणि भिलाईचे दोन दिवस

प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात एक काचेची कुपी सापडली. तळाशी चिमूटभर काळी पावडर आणि वर माझ्याच अक्षरात एक शब्द: बाद. त्या एका शब्दापायी मी पुण्याहून भिलाईला जाऊन आले. माझ्या या प्रवासलेखांच्या नेहमीच्या वाचकांनी धबधबे-लेण्यांची वाट बघू नये. मैत्रीबाग हे तिथलं प्राणिसंग्रहालयही राहूनच गेलं.

आधी थोडं मागचं. मी इंधनघटांवर काम करते. हायड्रोजन घालायचा, वीज घ्यायची, अशी ती पेटी. तिला चालायला उत्प्रेरक लागतो आणि तो आम्ही धातूंच्या कणांपासून बनवतो. कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. निखिल ठवकर माझा विद्यार्थी, भिलाईचा. त्याची पावडर झकास चालायची, पण हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा जरासा अंश आला की मान टाकायची. तो एकदा म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा गॅसनं जी बंद पडते, तिला तो गॅस कळतो असंच ना?" मी घाईची बाई. म्हटलं, "आपल्याला पेटी चालवायची आहे, बंद पाडायची नाही." आणि कुपीवर 'बाद' लिहिलं.

दोन महिन्यांनी तो पीएचडी अर्धवट टाकून घरी गेला. मागच्या वर्षी डेंग्यूनं वारला. मी त्याच्या घरी फोनसुद्धा केला नाही, दोन ओळींचा मेसेज टाकला.

कुपी सापडल्यावर मी ती पावडर नव्यानं तपासली. गॅस जितका जास्त, तितकी ती मंदावत होती. स्वच्छ हवा लागली की पुन्हा कामाला लागत होती. गॅस ओळखायला इतकी चोख वस्तू आमच्याकडे दुसरी नव्हती. शोधनिबंधात पहिलं नाव निखिलचं घालायचं ठरलं. आईवडिलांची संमती टपालानंही मिळाली असती, पण बाकीचं जे सांगायचं होतं ते टपालानं सांगण्यासारखं नव्हतं.

पुण्याहून दुर्गला थेट गाड्या आहेत. जवळजवळ एक अख्खा दिवस जातो, तेव्हा खालचा बर्थ मिळाला तर सोडू नका. सगळ्या गाड्या भिलाईत थांबत नाहीत. दुर्गला उतरून रिक्षा करणं सोपं. स्टेशनबाहेर सकाळी पोहे आणि गरम जिलेबी मिळते, तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं. मी मात्र अर्धी प्लेट तशीच ठेवून निघाले. पुढे निखिलच्या घराकडे, हुडको वसाहतीपर्यंतचे रस्ते रुंद आणि दुतर्फा झाडांचे. पुण्याच्या माणसाला हेवा वाटावा असे.

निखिलचे वडील, ठवकर काका, मूळचे भंडाऱ्याचे. सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, गॅसच्या पाइपलाइनवर केली, आता निवृत्त आहेत. काकूंनी तांदळाच्या पिठाचे गरम फरे आणि हिरवी चटणी पुढे ठेवली आणि माझा हात धरला.

"मॅडम, पोरगा लई नाव काढे तुमचं. म्हणे, मॅडमनं सांगतलं, तुझं काम चांगलं हाय, कधीबी वापस ये."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पोरानं घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून माझ्या तोंडी चांगले शब्द घातले होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी फरे खाल्ले आणि छान झालेत म्हणाले. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी काका स्कूटरवरून मला जवळच्या उतई गावाला घेऊन गेले. निखिल तिथल्या शिकवणीवर्गात रसायनशास्त्र शिकवायचा. वाटेत दोन्हीकडे धानाची शेतं, मधूनच वीटभट्टी. वर्गाला कुलूप होतं. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी एका दमात सांगून टाकलं.

"काका, त्याचं काम मी बाद केलं होतं. चांगलं आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. चूक माझी होती."

काकांनी चहावर फुंकर मारली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "खोटं बोले तवा तो दोन पोळ्या जास्त खाये. पण त्याच्या मायले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत कागदाच्या पट्ट्या होत्या, फिकट राखाडीपासून पार काळ्यापर्यंत.

"आमी ड्यूटीवर ह्या खिशाले लावून जाओ. गॅस असला का काळी पडे. पांढरी राहिली तर फेकून देओ. काळी पडली का तिच्यावर नाव, तारीख टाकून रजिस्टरले लावा लागे. कामाची तीच ना. साल सरलं का रजिस्टर रद्दीत, मंग मी ह्या घरी आणो. निखिल सातवीत होता तवा रंगावरून लायनीनं लावून बसे."

पट्ट्यांच्या मागे त्यानं पेन्सिलीनं क्रमांक घातले होते. प्रयोगशाळेत त्याच कार्बन मोनॉक्साइडचं जे मोजमाप मी आता करत होते, ते त्यानं सातवीत या डब्यात मांडलं होतं. काळी पडलेली वस्तू वाया गेलेली नसते, हे त्याला घरातूनच माहीत होतं. आणि मी त्याला ते पुरतं बोलूही दिलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत.

"मंग घरी आला तवा कायले हसून राहिला होता?" त्यांनी विचारलं.

काका पट्ट्या पुन्हा डब्यात भरू लागले. संमतीच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. निघताना काकूंनी प्रवासासाठी ठेचा-पोळीचा डबा भरून दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तो डबा मी गाडीत नागपूरपर्यंत उघडला नाही. भूक लागली तेव्हा खाल्ला, आणि खाताना रडले.

पुण्यात आल्यावर पहिलं काम म्हणजे कुपीवरचा 'बाद' खरवडून काढला. तिथे, काका पट्ट्यांवर लिहीत तसं, नाव लिहिलं, निखिल ठवकर, आणि खाली तारीख. हे नाव वाचून ज्याला बरं वाटलं असतं तो आता नाही, आणि त्याच्यासाठी मला आणखी काही करता येण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं. मी फोन केला. काकांनी तो काकूंकडे दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्याले तुमी नापास केलं होतं, ते बी लिवलं का त्याच्यात?"

मी म्हटलं, "नाही काकू, शोधनिबंधात तसलं काही लिहीत नाहीत."

"मंग दुसरीकडं कुठं लिवा," त्या म्हणाल्या.

म्हणून इथे लिहिलं.