बहुमताने ठरलेला बुध

कवळीकाकांना हे नाव धंद्यावरून पडलं. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. काका त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि गुलाबी हिरड्यांची कवळी तयार करून द्यायचे. दिवसभर इतकं जवळचं बघून डोळे शिणले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी जरा लांबचं बघत जा." दुसऱ्या कुणी झाडं बघितली असती. काकांनी ग्रह धरले.

शुक्र पहिल्याच संध्याकाळी सापडला. त्याला शोधावं लागतच नाही. नवऱ्या मुलाच्या मामासारखा तो पश्चिमेला आधीच मिरवत असतो. मग गुरू सापडला, तांबूस मंगळ सापडला, फिकट पिवळा शनीही सापडला.

"चांदणी लुकलुकते. ग्रह कसा, एकटक बघत राहतो," काका बायकोला समजावून सांगायचे.

"तुमच्यासारखाच की मग. काम ना धाम, नुसतं बघत राहायचं," काकू म्हणायच्या.

राहता राहिला बुध. हे कार्टं सूर्याचं बोट सोडत नाही. सूर्य मावळला की क्षितिजापाशी जरा तोंड दाखवतं आणि बापामागोमाग पळतं. त्यात काकांच्या गच्चीवरून ती जागा म्हणजे नेमकी समोरच्या इमारतीच्या कडेची फट, आणि फटीला लागून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. काका रोज कठड्यावर ओणवे होऊन, मान लांब करून, एक डोळा मिटून तिकडे बघत बसायचे.

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी त्या बाई हातातल्या डावासकट रस्ता ओलांडून आल्या आणि थेट सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे उभ्या राहिल्या. "तुमचे हे गृहस्थ मला डोळा मारतात!"

सेक्रेटरींनी काकांना बोलावून घेतलं. "काका, या वयात?"

"अहो, मी बुध बघत होतो."

"आमच्याकडे बुध नावाचं कुणी राहत नाही," बाई कडाडल्या.

"ग्रह हो, ग्रह! आकाशातला!"

"माझ्या खिडकीत?"

सेक्रेटरींनी निवाडा दिला. "उद्या सगळ्यांसमोर दाखवा. दिसला तर तुमचं खरं. नाही तर गच्चीची किल्ली जमा करा."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ही गर्दी. कुणी खुर्च्या आणल्या, बाईंनी साक्षीला नणंद आणली. सूर्य बुडाला. बरीच वाट पाहिल्यावर काकांना फटीत, अगदी खाली, एक बारीक ठिपका दिसला. "तो बघा! कडेच्या डावीकडे, खाली!"

कुणालाच काही दिसेना. पण आपले डोळे अधू आहेत हे चारचौघांत कोण कबूल करणार? सगळे माना डोलावत उभे राहिले. मग सेक्रेटरी ओरडले, "दिसला! चांगला टपोरा आहे की!"

त्यांचं बोट मागच्या अर्धवट इमारतीवरच्या क्रेनकडे होतं. तिच्या टोकाला दिवा उघडझाप करत होता.

"तो नव्हे! तो क्रेनचा दिवा आहे. बुध त्याच्या खाली."

"काका, आम्ही तुमची बाजू घेतोय आणि तुम्हीच कच खाताय?" म्हणत सेक्रेटरींनी ते मताला टाकलं. हात भराभर वर गेले. बाईंनीही डाव वर केला. "दिसतोय हो. उगाच भल्या माणसावर आळ घेतला मी." विरोधात एकच मत पडलं, ते काकांचं.

काकूंनी त्यांना चिमटा काढला. "अहो, सुटलात ना? मग गप्प बसा!"

तेव्हापासून काकांचा भाव वधारला. लोक पाहुण्यांना बुध दाखवायला गच्चीवर आणू लागले. आपल्या खिडकीतून तो जास्त जवळून दिसतो, असं बाई ज्याला त्याला सांगू लागल्या. काका मात्र कवळ्या घासता घासता स्वतःशीच पुटपुटायचे, "क्रेन आहे ती. क्रेन."

आणि एके संध्याकाळी सेक्रेटरींनी दार ठोठावलं. "काका, बुध बंद आहे."

"मग मी काय करू?"

"असं कसं? तुम्हीच दाखवलात ना? वर माझे व्याही येऊन बसलेत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका नाइलाजाने बांधकामावर गेले. क्रेन चालवणारा खाली बसून चहा पीत होता. "टोकाचा दिवा गेलाय," तो म्हणाला, "आता बदलायचाच आहे. पण तुम्हाला काय त्याचं?"

काकांनी सगळी हकीकत सांगितली. तो हसला नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी बुधावर नोकरी करतोय?"

"तसंच म्हणायचं."

"आणि खरा कुठे असतो?"

"तिकडेच. पण खाली."

"मग चला की वर. तिथून आडवं काही येत नाही."

डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा. काका शिडी चढले ते डोळे मिटूनच. केबिनमध्ये पोचल्यावर उघडले, तर सूर्य नुकताच बुडाला होता. इमारत नाही, खिडकी नाही, नुसतं आकाश. हळूहळू नारिंगी पट्ट्यात तो ठिपका उमटला, स्वच्छ, एकटक बघणारा. काकांनी नुसतं बोट दाखवलं.

"हा होय?" क्रेनवाला म्हणाला. "हा दिसतो मला अधूनमधून. मला वाटायचं विमान आहे, उतरायला जागा मिळत नसेल."

त्याने टोकाला जाऊन दिवा बदलला. दिवा लागताच लांबच्या गच्चीवरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. पाठोपाठ काकांचा फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?" काकू विचारत होत्या. "बुध लागला म्हणून इथे सगळे नाचताहेत. आणि सेक्रेटरी दुर्बिणीतून बघून सांगताहेत, त्याच्यावर माणसं आहेत!"

"त्यातला एक मीच आहे."

मग काकू म्हणाल्या, "जेवायला येणार आहात ना?"

काकांनी केबिनबाहेर हात काढून खऱ्या बुधाकडे बोट केलं. जीव तोडून ओरडले, "तिकडे बघा! माझ्या बोटाकडे!" काकूंकडून कळल्यावर गच्चीवरच्यांना वाटलं, काका बुधावरून टाटा करताहेत. सगळ्यांनी उलट हात हलवले. बाईंनी डाव हलवला. काका आधी चिडले, मग त्यांना असं हसू फुटलं की टोकावरून परतलेल्या क्रेनवाल्याने घाबरून त्यांचा पट्टा धरला.

पुढे इमारत पुरी झाली आणि क्रेन उतरवली. बुध मावळला म्हणून सोसायटी हळहळली. सेक्रेटरी म्हणाले, "काका, दुसरा एखादा दाखवा." काकांनी पश्चिमेला बोट केलं. तिथे शुक्र लख्ख तेजाळत होता.

सेक्रेटरींनी नीट बघितलं आणि मान हलवली. "आम्हाला काय खुळं समजता? तो कुठला तरी दिवा आहे."

"असेल बुवा," काका म्हणाले, आणि शुक्राकडे बघत राहिले.