अडीच सुती पाना

तेराचा पाना नटावर बसेना आणि चौदाचा बसला की नुसता गरगर फिरायचा. गिरगावातल्या एका अंगणात, भर मे महिन्यात, एका लांबलचक विलायती गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून मी कार्बोरेटरच्या त्या एका नटाशी तासभर झुंजत होते. वय वर्षे बावन्न. अंगात जुना पंजाबी ड्रेस, हात कोपरापर्यंत काळे, आणि मनात इतका आनंद की सुट्टीत माथेरानला गेलेल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांची मला कीव येत होती.

मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवते. गाडी आंटींची. आंटी आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी मला विचारत नव्हतं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून 'बस गं' म्हणणाऱ्या त्या एकट्याच. पुढे त्यांचे यजमान गेले, मुलं कधी झाली नाहीत, आणि गिरगावच्या गल्लीतल्या त्या लाकडी व्हरांड्याच्या घरात त्या एकट्या राहू लागल्या. यंदा ते घरही पाडायचं ठरलं. मेअखेर जागा खाली करायची आणि माटुंग्याला भाचीकडे जायचं.

अंगणात ताडपत्रीखाली बारा वर्षं ती गाडी उभी होती. आंटींच्या सासऱ्यांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून ती घेतली होती. गाडीचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच किंमत विचारतात आणि मला राग येतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तिथेच होते. आंटींनी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तू घे ही गाडी. फुकट. पण एक अट. लग्न करून मी या घरात आले ती हिच्यात बसून. जाणार ती पण हिच्यातच बसून. टॅक्सीत बोचकी भरून, चोरासारखी, नाय जाणार मी."

मला गाडी चालवता येते. दुरुस्तीचा काडीचाही अनुभव नव्हता. तरी 'हो' तोंडातून निघून गेलं. मग दोन माणसांनी मिळून ताडपत्री ओढली आणि मी बघतच राहिले. गडद हिरवा रंग, वर धुळीचा थर. आत कातडी गाद्या, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, आणि पुढच्या सीटच्या पाठीला लावलेली दोन छोटी लाकडी टेबलं. ओढली की उघडतात! आंटी म्हणाल्या, "त्या टेबलावर ठेवून मी मुलांचे पेपर तपासायचे, नवरा पुढे ड्रायव्हर आणि मी मागे मेमसाहेब." मी मागे बसून ते टेबल सात-आठ वेळा उघडलं आणि मिटलं. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर माझी काही खैर नव्हती.

एक गॅरेजवाला बोलावला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन हलवून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, इंजिन जाम है. पुरा खोलना पडेगा, दिवाली तक देखेंगे." दिवाळीपर्यंत तिथे नुसता खड्डा राहिला असता. मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. ब्रेक आणि टायरचं काम त्याच्या गळ्यात मारलं, ते माझ्या जिवावर बेतणारं होतं. इंजिन मी स्वतःकडे घेतलं.

आणि पहिल्याच नटाने माझे दात घशात घातले. मिलिमीटरचे पाने चालेनात, म्हणून इंचाचा संच आणला. फूटपट्टीने नट मोजला. अर्ध्या इंचाहून केसभर जास्त. अर्ध्या इंचाचा पाना बसेना, पुढचा घसरला आणि नटाचे दोन कोपरे गोल करून मोकळा झाला. मी गाडीला अशा शिव्या दिल्या की व्हरांड्यातून आंटी म्हणाल्या, "ती पण टीचरच्या घरची आहे, जरा सांभाळून."

डिकीत सापडलेला तसलाच एक सुटा नट पर्समध्ये टाकून मी करी रोडला घरी आले. घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा ऐंशीचे आहेत. लालबागच्या एका गिरणीत त्यांनी साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर म्हणून जन्म काढला. गिरणी बंद झाली आणि त्या दिवसापासून त्यांनी हातात साधा स्क्रू ड्रायव्हर धरला नाही. आमच्याकडे बल्ब बदलायलाही शेजारी यायचे. एवढा मोठा फिटर असा का वागतो, हे कोडं मी सोडवायचं सोडून दिलं होतं.

त्यांच्या चहाच्या कपाशेजारी मी नट ठेवला. त्यांनी तो उचलला, तळहातावर दोनदा घोळवला.

"विलायती आसा. ह्येका अडीच सुती पानो लागतलो."

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, एवढं मला माहीत होतं. "बाबा, अडीच सूत म्हणजे पाच सोळांश. हा नट आठ सोळांशाहून मोठा आहे. मी मोजलाय."

"खंय मोजलंस?"

"नटावर. अजून कुठे मोजणार?"

"म्हणान तर!" बाबा हसले. कित्येक वर्षांनी असे दात दाखवून हसले. "आकडो नटाचो नसता गो, आतल्या बोल्टाचो आसता. विलायती पानो आतला बघून बोलता. मास्तरणीक ता कसा कळतला?"

सत्तावीस वर्षं मी अपूर्णांक शिकवते आहे. मी कपाळाला हात लावला. बाबांच्या गिरणीतले साचेही विलायतेहूनच आले होते, त्यामुळे त्यांचे नट याच मापाचे. बाबांना ते बोटांच्या टोकांवर पाठ होतं.

पुढचे चार दिवस मी पाना शोधत हिंडले. हार्डवेअरवाले माझ्याकडे असे बघायचे की जणू मी पाव शेर चांदणं मागतेय. शेवटी चोरबाजार पालथा घातला. घरी येऊन म्हटलं, "चोरबाजारातसुद्धा मिळाला नाही." बाबा पानातला भात चिवडत बसले. मेचे अठरा दिवस उरले होते. आंटींना काय तोंड दाखवू, या विचाराने मी रडकुंडीला आले होते, आणि तसं मी बाबांना सांगितलंही.

सकाळी उठले तर बाबा स्टुलावर चढून पोटमाळ्यावर हात घालत होते. ऐंशीव्या वर्षी! मी ओरडले. त्यांनी लक्ष दिलं नाही. आईच्या जुन्या तांब्याच्या हंड्यामागून एक पत्र्याचा डबा काढला, खाली उतरले, दाराला कडी लावली आणि डबा माझ्यासमोर उघडला.

तेलात भिजलेल्या धोतराच्या तुकड्यांत अकरा पाने. नवे असावेत तसे चकचकीत. प्रत्येकाच्या दांड्यावर गिरणीचा छाप ठोकलेला.

"मिया चोरलंय ते," बाबा म्हणाले.

गिरणी बंद होणार हे नक्की झालं, यंत्रं भंगारात जाणार हेही. आपल्या हातचे पाने भंगारवाल्याच्या घशात घालायला त्यांचं मन होईना. संध्याकाळी सुटताना गेटवर झडती व्हायची. मग त्यांनी जेवणाचा डबा वापरला. तळाला पाना आणि वर मुद्दाम उरवलेला भात. अकरा दिवस, अकरा पाने. डब्यात मावेनात ते मोठे पाने तिथेच राहिले. मला ते दिवस लख्ख आठवले. बाबा डब्यात भात परत आणायचे आणि आई डोळ्यांना पदर लावायची, गिरणीच्या काळजीने यांचं अन्न तुटलं म्हणून. आणखी एक गोष्ट आठवली. दरवर्षी दसऱ्याला, घरात फुलं असली तरी, बाबा मला झेंडू आणायला दादरला पिटाळायचे. म्हणजे तेव्हा दारं लावून ते या पान्यांना तेल लावत होते, हळदकुंकू वाहत होते.

"इतकी वर्षा नोकरी केलंय, कोणाचो खिळो उचललंय नाय. आणि निघालंय कसो? भाताखाली पानो लपवून. चोरासारखो." त्यांचा आवाज फुटला. मी म्हटलं, बाबा, जाऊ दे ना. ते म्हणाले, "छाप कोणाक दिसता कामा नये." आणि खाली जाऊन स्वतः काळी चिकटपट्टी घेऊन आले. अकराही पान्यांच्या छापांवर त्यांनी ती गुंडाळली.

अडीच सुती पाना त्या नटावर बसला तेव्हा टक् असा बारीक आवाज आला. हलका दाब दिला आणि नट सुटला! मी किंचाळले. आंटी चहा सांडत बाहेर आल्या.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. सकाळी करी रोडहून बस, दिवसभर अंगण, संध्याकाळी पुन्हा बस. बाबांचे हात थरथरतात, पण पाना धरला की थरथर थांबायची. वाकायचं काम माझं, सांगायचं काम त्यांचं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि चार दिवस वाट बघितली. मग पुढून हँडल घालून फिरवायचं होतं. "अंगठो दांड्याभोवती गुंडाळू नको, हँडल उलटा फिरला तर मोडतलो," बाबा ओरडले. पहिल्या दिवशी ते तसूभर हलेना. दुसऱ्या दिवशी आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि इंजिन फिरलं. आंटी बाबांना मिस्त्री म्हणायला लागल्या आणि बाबा, जे घरी स्वतःचा कपही उचलत नाहीत, आंटींच्या केकच्या बशा विसळून ठेवायला लागले.

जाण्याच्या पाच दिवस आधी नवी बॅटरी जोडली, कार्बोरेटरला पेट्रोल दिलं आणि मी बटण दाबलं. खोकला. पुन्हा खोकला. मग असा धूर निघाला की अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या, आणि त्या धुरातून सहाही सिलिंडरचा एकसंध, खोल, समाधानी आवाज यायला लागला. मी अंगणात नाचले. खरंच नाचले, बाबांचे दोन्ही हात धरून. कागदपत्रांसाठी मी जे हेलपाटे घातले त्याबद्दल बोलत नाही, पुन्हा डोकं फिरेल.

आणि निघायच्या सकाळी गाडी चालू होईना. सामानाचा टेम्पो पुढे गेलेला. आंटी निळ्या रेशमी फ्रॉकमध्ये, हातात पर्स घेऊन, व्हरांड्यात उभ्या. शेजारीपाजारी निरोपाला जमलेले. कुणीतरी हळूच मोबाइलवर टॅक्सी शोधायला लागलं. बाबांनी बॉनेटखाली कान नेला. "हवा खाता," म्हणाले, आणि कार्बोरेटरचा तोच पहिला नट अडीच सुती पान्याने पाव फेरा आवळला. मी बटण दाबलं. गाडी चालू झाली. मी दार उघडून धरलं आणि आंटी मागच्या सीटवर मेमसाहेबांसारख्या बसल्या. लाकडी टेबल उघडून त्यावर त्यांनी पर्स ठेवली. गल्लीच्या तोंडापर्यंत लोक टाळ्या वाजवत चालत आले. आंटींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. डोळे मात्र वाहत होते, आणि त्या हसत होत्या.

भायखळा, चिंचपोकळी करत आम्ही लालबागला आलो. सिग्नलला लोक फोटो काढत होते. बाबा माझ्या शेजारी पाना मांडीवर धरून बसले होते. त्यांच्या गिरणीचं जुनं दगडी गेट तसंच ठेवलंय, आत आता टॉवर आहेत. ते दिसलं आणि बाबा म्हणाले, "थांबय गाडी."

"काय झालं?"

"नट ढिलो झालोसो वाटता."

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. तरी मी कडेला घेतली. बाबा उतरले. बॉनेटकडे न जाता ते सरळ गेटमधून दोन पावलं आत गेले, थांबले, आणि नखाने पान्यावरची चिकटपट्टी सोलायला लागले. मग वळले आणि पाना उघड्या हातावर धरून बाहेर यायला निघाले.

"ओ चाचा, हाथ में क्या है?" पिकल्या मिशांचा सिक्युरिटीवाला आडवा आला.

बाबांनी दोन्ही हात पुढे केले, झडतीला करतात तसे. "पानो आसा. ह्याच मिलचो. बघ, छाप."

त्याने पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, छापावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "ठीक है," तो म्हणाला, "जाओ."

बाबा ताठ मानेने बाहेर आले आणि गाडीत बसले.

"झालं काम, मिस्त्री?" मागून आंटींनी विचारलं.

"झाला, बाई. चल गो चेडवा, आता माटुंगा गाठ."

नटाला त्यांनी हातही लावला नव्हता.