डोमाजी गुरुजींचा शेकडा

शेकडेवारीचं नुसतं उत्तर डोमाजी गुरुजींना चालत नसे. पोरगं "पंचवीस" म्हणून मोकळं झालं की गुरुजी खडू कानामागं अडकवत आणि विचारत, "शेकडा पंचवीस, पण कोणाचा बे?"

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या त्या शाळेत मी नव्यानं नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकलं. फळ्यावर गणित होतं. गूळ बाजारात आठ आणे शेर, गावच्या दुकानात दहा आणे. गावचा गूळ शेकडा किती महाग? पंचवीस. मग बाजारचा शेकडा किती स्वस्त? सगळा वर्ग पुन्हा "पंचवीस" म्हणून ओरडला. दारात उभा राहून मीही मान डोलावणार होतो, वेळेवर सावरलो. गुरुजी म्हणाले, "आठापाशी उभं राहून पाहा, दोन आणे म्हंजे पाव हिस्सा. दहापाशी उभं राहून पाहा, तेच दोन आणे पाचवा हिस्सा. वीस! फरक तेवढाच राह्यते, पाह्यनारा बदलते." एवढं बोलून ते गुळाचा खडा तोंडात टाकल्यासारखे खूश झाले.

मी त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायला गेलो आणि वर्गातले गुरुजी घरी नसतात, हे मला कळलं. घरी एक गप्प माणूस असायचा. बायको फार पूर्वी गेलेली. मुलगी शेवंता त्यांनी एकट्यानं वाढवली, तिच्या वेण्या घातल्या, तिला स्वतःच्याच वर्गात बसवून गणित शिकवलं. मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात गेली होती. तेव्हापासून गुरुजी मोजून तांदूळ टाकायचे आणि तरी भात उरायचा. मग भिंतीपलीकडून हाक यायची, "मास्तर, जेवले का? नसाल तं या, भात जास्त झाला." मी जेवलेला असलो तरी जायचो. त्यांच्या हातची भाजी, खरं सांगायचं तर, फक्त मीठ असल्यामुळं भाजी म्हणायची. पण त्या घरात एकट्यानं जेवणाऱ्या माणसाकडं पाहवत नसे.

एकदा त्यांनी फळ्यावर नवंच गणित घातलं. दोन माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च वीस रुपये. एक माणूस गेलं. खर्च शेकडा किती कमी झाला? पोरं म्हणाली, पन्नास. यात विचार करण्यासारखं काय होतं! गुरुजींनी मान हलवली. "नाई. चौदा लागतेत. शेकडा तीसच कमी झाले. काऊन? चूल तं पेटवाच लागते. दिवा तं लावाच लागते. दोघं होते तवा माणशी दहा पडत, आता एकाले चौदा. शेकडा चाळीस वाढले." मग फळ्याकडं वळून हळूच म्हणाले, "एकटा माणूस महाग पडते." हे कोणाच्या घराचं गणित आहे, ते चौथीच्या पोरांनाही कळलं असावं.

ते निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात शेवंता नवऱ्याला घेऊन बैलबंडीनं आली. बापाला कायमचं घेऊन जायचं, हे ठरवूनच आली होती. गुरुजींची तयारी होती, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी धोतरं धुऊन वाळत घातली होती. पण आमच्या त्या भागात बाप लेकीच्या घरी फुकट जेवत नाही. जेवला तर काही तरी तिच्या हातावर ठेवूनच उठतो. चार दिवस पाहुणा असला तर रुपया-दोन रुपयांत भागतं. जन्मभराचं काय करायचं?

गुरुजींनी त्याचं गणित मांडलं. "तुमी पाच जण. मी सहावा. शेकडा वीस खर्च वाढन असं वाटते, पण तेवढा नाई वाढत, दिवा एकच हाय. पंधरा धरू. तेवढे मी दर महिन्याले देतो."

शेवंता उभीच होती. "बाबा, मी का खानावळ चालवून राह्यली?"

"तसं नाई बाई. पण फुकटचं मले गिळवणार नाई."

"आन् बापाच्या जेवणाचे पैसे मले घेववणार नाई. एक पैसा नाई घेत मी."

जावई बिचारा मधे पडून म्हणाला, "मामाजी, वर्षाचं धान्य द्या, पैसे नोको." गुरुजी त्याला राजी झाले, शेवंता झाली नाही. हट्ट तिनं बापाकडूनच घेतला होता. संध्याकाळी बंडी गुरुजींविनाच परत गेली. गुरुजींनी वाळलेली धोतरं घडी करून पेटीत ठेवली आणि मला जेवायला हाक मारली. त्या दिवशी भात उरला नाही, कारण दोघांपैकी कोणीच मोजून घेतला नव्हता. आम्ही नुसते खात होतो.

त्यानंतर शेवंता सणावाराला येई, भांडत नसे, विषयही काढत नसे. गुरुजी मात्र तिच्याकडं कधीच गेले नाहीत. पुढं एका पावसाळ्यात तापानं ते गेले. नाल्याला पूर होता, शेवंता पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवीचा स्वयंपाक तिनं हट्टानं स्वतः केला. गाव जेवून गेलं. मी पत्रावळी उचलायला आत गेलो, तर ती चुलीपाशी बसली होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, मले वाटलं पैसे घेतले तं मी लेक कशाची? घ्याचे होते. घेतले असते तं बाबा रोज माह्या घरी जेवले असते."

तिनं पदरानं ताट पुसलं आणि मला वाढायला घेतलं.