झुकत्या वाटीचा पाइप

अहमदपूरच्या गुरुपादप्पाचं घराणं किराणा दुकानाचं. गडी मात्र तराजू सोडून लाकूड कातायच्या खरादेला चिकटला आणि चाळीस वर्षं लाटणी, रव्या, पाळण्याच्या खुंट्या गोल करत बसला. गिऱ्हाईक लाटणं फळीवर लोळवून बघायचं आणि घेऊन जायचं. त्याचं काम कुणी दुसऱ्यांदा उलटून पाहिलं नव्हतं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. खोटं बोलायचा.

मग एक दिवस नांदेडचे डॉक्टर दयानंद आले. निवृत्त माणूस, छंद तंबाखूचे पाइप जमवायचा. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाले, "असा जमेल?" गुरुपादप्पानं फोटो पाहिला आणि त्याचा हात गळ्यातल्या लिंगाच्या डबीकडं गेला. गोल उभी वाटी, तिला जोडलेली लांब नळी. ही तर शाळुंकेवरची पिंड! हिच्यात तंबाखू जाळायची? पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणावं? त्यानं बोरीचं गाठीचं लाकूड घेतलं आणि वाटी मुद्दाम पुढं झुकवली. पिंडीसारखी दिसली नाही म्हणजे झालं.

डॉक्टर चिडणार, हे तो धरूनच चालला होता. डॉक्टरांनी पाइप हातात फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अहो, हा झुकाव कुठून आणलात? जुन्या मातीच्या पाइपांची ही ढब. जमवणारे जीव टाकतात हिच्यावर! उभी वाटी ठोंब्यासारखी बसते, ही कशी निघालेली दिसते."

कुठं निघाली, ते काही गुरुपादप्पाला कळलं नाही. महिन्याभरात डॉक्टरांच्या ओळखीच्या सहा जणांची मागणी आली. सगळ्यांना वाटी झुकलेलीच हवी होती.

"भिऊन वाकवलं, तर लोक खूश व्हायलेत. ह्ये कसलं गणित?" त्यानं बायकोला विचारलं.

नागम्माला दुसरीच काळजी. "तुमी वाकवलं म्हणून महादेवाला कळत न्हाई का? आधी जाऊन बघा, त्येच्यात तमाकू जाळतेत का. जाळत असतील तर ते पुन्हा खरादेवर चढवायचं न्हाई. माझी शप्पत हाय."

 गुरुपादप्पाला तर आता पाइपच करायचे होते. लाटण्यांकडं बघवत नव्हतं.

तो एसटीनं नांदेडला गेला. डॉक्टरांनी हौसेनं आत नेलं. भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात शंभरेक पाइप.

"ओढता का सायब?"

"छे! सोडून अठरा वर्षं झाली. तुमच्या पाइपला काडी लागलेली नाही, लागणारही नाही. नुसतं बघायचं."

गुरुपादप्पाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हा बघा तुमचा."

मधल्या कप्प्यात लाल मखमल, समोर बारका दिवा. लाकडाच्या रेषा नीट दिसाव्यात म्हणून डॉक्टरांनी नळी उतरती ठेवली होती, आणि नळी उतरली तशी झुकलेली वाटी सरळ उभी राहिली होती. ज्याला भिऊन लाकूड वाकवलं, तेच पुढ्यात बसलं होतं.

आता करायचं काय? हात लावून आडवं करावं, तर हात लावायची भीती. पाठ फिरवावी, तर पाठ तरी कशी फिरवणार? त्याचे हात आपोआप जुळले. कारागिराला आपलं काम बघून भरून आलं असं डॉक्टरांना वाटलं, आणि मागं उभं राहून त्यांनीही हात जोडले.

घरी पोचताच नागम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "जाळतेत का?"

"न्हाई. काडीबी लावत न्हाईत."

"मंग झालं तर! करा की खुशाल."

गुरुपादप्पानं तांब्या खाली ठेवला.

"आगं, मीच त्येला हात जोडून आलो," तो म्हणाला. "आता इकू कसं?"