बाहीवरचा निळा खडू

"श्वास सोडा, भाऊजी."

"सोडलाय की."

"कुठं सोडलाय? पोट बघा, पाठीला जाऊन चिकटलंय. टेप लागला की सगळी माणसं अशीच. बायका श्वास धरतात, पुरुष छाती काढतात. मग कपडा अंगात शिरला नाही की बोलणी मला."

"पण वहिनी, पॅनेल गाडीच्या दाराचं करायचंय. माप माझं कशाला?"

"दाराचं घेऊन झालं. ते बिचारं गप पडून राहतं, माप देताना खोटं वागत नाही. तुमचं राहिलंय. हात पुढं करा. आता मनगट वळवा. एवढं वळतं?"

"वळतं की. हे बघा."

भाऊजींनी वळवून दाखवलं. वहिनींनी पुठ्ठ्यावर खडूनं रेघ ओढली. आणि घोळ झाला तो तिथंच.

ह्या वहिनी मूळच्या कपडे शिवणाऱ्या. शाळेचे गणवेश शिवण्यात उमेदीची वर्षं गेली. पुढं दुकानं तयार कपड्यांनी भरली आणि त्यांच्याकडं नुसती चेन बदलायची, पायघोळ कपडे आखूड करायची कामं उरली. अशात धाकट्या दिराच्या, म्हणजे ह्याच भाऊजींच्या, टॅक्सीची सीट फाटली. वहिनींनी ती शिवून दिली. बाकीच्या ड्रायव्हरांनी बघितली, आणि बघता बघता त्या सीटकव्हरवाल्या झाल्या. मग एकेक जण म्हणायला लागला, सीट नवी झाली, पण दाराचा आतला पुठ्ठा फुगून लोंबतोय, त्याचं काही करा की.

पुठ्ठ्यात वहिनींचा जीव रमेना. एकदा पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा काम करत होता, तिथं त्या सहज थांबल्या. तो काचेच्या धाग्यांची, फायबरची, कापडासारखी मॅट अंथरत होता, वरून काकवीसारखं दाट रेझिन ब्रशनं लावत होता. थोड्या वेळानं बोटानं वाजवलं तर टणक! वहिनींची भाजी पिशवीतच सुकून गेली, पण पाय हलेना. जन्मभर त्यांनी कापडाला आकार दिला होता. पण खांदा असो, कोपर असो, अंगातून काढलं की कापड आपलं मढ्यासारखं लोंबायचं. इथं ते लोंबतच नव्हतं.

पहिला प्रयोग नवऱ्याच्या बनियनवर झाला. ते बनियन अजून मागच्या पडवीत भिंतीशी उभं आहे, आत कुणी नसताना. नवरा येता-जाता त्याच्याकडं बघून म्हणतो, "माझ्यापेक्षा त्याची छाती बरी."

नवऱ्याची तक्रार वेगळीच होती. रेझिनच्या वासानं त्याला घास उतरत नसे, म्हणून तो ताट घेऊन पुढच्या पायरीवर जेवायचा. फायबर घासलं की त्याची कूस सगळीकडं उडते आणि अंगाला खाज सुटते. वहिनी तोंडाला मास्क लावून, बाहीची टोकं रबरानं बांधून पडवीत बसायच्या. तो पायरीवरून ओरडायचा, "घरात येताना झटकून या हो!"

तर भाऊजींचं दुखणं असं. गाडी धुताना पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि हाड वाकडं जुळलं. स्टिअरिंग धरता यायचं, गिअर तर डाव्या हाताचा. अडायचं ते दारापाशी. आत बसून दार ओढायचं तर हँडलखाली बोटं घालून मूठ वळवावी लागते. ती वळेना. डाव्या हातानं ओढावं तर मध्ये स्टिअरिंग आणि त्याच्याही आधी भाऊजींचं पोट. मग पॅसेंजरला म्हणायचं, "जरा माझं दार ढकला हो." एकदा एका आजीबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली, त्यांचं दार लावून दिलं आणि वर म्हणाली, "बस बाळा नीट." त्याच दिवशी त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. येत्या रविवारी घेणारा बघायला येणार होता.

"विकून काय करणार?" वहिनींनी विचारलं होतं.

"बसणार. दादाशेजारी, पायरीवर."

"एक ओझं पुरे आहे त्या पायरीला. रविवारपर्यंत थांबा."

वहिनींनी प्लायवूडचा सांगाडा कापला. त्यावर बनियनचं कापड ताणून स्टेपल मारले, रेझिन पाजलं, मागून मॅटचे थर दिले, घासून घासून गुळगुळीत केलं आणि वरून रेक्झिन चढवलं. हँडल पुठ्ठ्यावरच्या रेघेप्रमाणं तिरकं. भाऊजी गाडीत बसले. ओढलं. बोटं सटकली. पुन्हा ओढलं, पुन्हा सटकली. मग ते उतरले आणि पॅनेलवरून हात फिरवत म्हणाले, "काम मात्र झकास झालंय. घेणाऱ्याला आवडेल."

हे वहिनींना फार लागलं. त्यांनी पुठ्ठा आणून हँडलला लावून बघितला. रेघ तंतोतंत. काम मापाबरहुकूम होतं, म्हणजे मापच चुकलेलं. आणि मग त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. स्टँडवरून रिकामी गाडी काढताना तर आत कुणीच नसतं. मग हा माणूस दार लावतो कसं?

विचारून खरं कळणार नाही, हे त्या टेप धरून शिकल्या होत्या. त्यांनी शिवणाचा निळा खडू कुटला आणि त्याची भुकटी दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत चोळली.

"हे काय आता?"

"रेक्झिन मऊ राहतं. पुसू नका. दोन फेऱ्या मारून या."

दुपारी भाऊजी परतले. वहिनींनी आधी त्यांची बोटं बघितली. कोरी करकरीत. तळवा कोरा. पण शर्टाच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या खाली, आतल्या अंगाला निळा तिरका पट्टा. आणि दारावर खडू पुसला होता तो हँडलपाशी नव्हे, खालच्या खिशापाशी.

"हात नाही, तुम्ही कोपर अडकवता. आणि सगळं अंग डावीकडं टाकता."

भाऊजींनी बाही बघितली. "च्यायला," ते म्हणाले. "मला तरी कुठं माहीत होतं."

"आणि मनगट? खरं सांगा."

"अजिबात वळत नाही. त्या दिवशी खांद्यातून फिरवून दाखवलं."

"का पण?"

"दादा समोर होता ना."

"मी पेपर वाचत होतो!" पायरीवरून आवाज आला.

"उलटा होता पेपर," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी केलेलं हँडल करवतीनं कापून टाकलं. ह्या खेपेला टेप काढलाच नाही. भाऊजींना गाडीत बसवलं, ट्रॅफिक पोलिसांचा विषय काढून दिला आणि ते तावातावानं बोलत असताना हात आपसूक कुठं टेकतो, कसा पडतो ते बघत कापड ताणत गेल्या. दाराला वरून उघडी अशी अर्धी बाही तयार झाली. कोपरापुढचा हात वरून आत टाकायचा आणि अंग कलतं करायचं. खालून लोखंडी पट्टी घातली आणि जुन्या हँडलच्या बोल्टनं पत्र्यात आवळली.

"आणि हात अडकला तर?"

"जन्मात कधी शर्टात अडकलात? सैल ठेवलीय. घालता तशी काढता येते."

रविवारी घेणारा आला. उंच, लांब हातापायांचा. त्यानं बॉनेट उघडून बघितलं, टायरला लाथ मारून बघितली, मग आत बसला आणि दाराच्या बाहीत हात घातला. कोपर एकीकडं, पंजा दुसरीकडं.

"हे काय आहे? मला बसत नाही."

"बसणारच नाही," वहिनी घराच्या दारातून म्हणाल्या. "ह्यांच्या मापाचं शिवलंय."

"बघू," म्हणून भाऊजी पुढं झाले. त्याला उतरवून आत बसले, हात टाकला, कलले. धप्प! दार लागलं. त्यांनी उघडलं, पुन्हा लावलं. तोंडावर काही दाखवलं नाही, पण कान लाल झाले होते.

"मग दाखवताय ना चालवून?" घेणारा म्हणाला.

"दाखवली असती हो," भाऊजी काचेतून म्हणाले, "पण तुम्हाला बसत नाही ना. उगाच तुमची फसवणूक नको."

पायरीवरचा पेपर हलायला लागला. आज तो सुलटा होता. त्याच्यामागून नवरा खोकल्याचं निमित्त करून हसत होता.

बाहेर दार उघडत होतं, लागत होतं. धप्प. पुन्हा धप्प.

"पुरे!" वहिनींनी मशीनवरून हाक दिली. "बिजागरी झिजेल. ती मला शिवता येत नाही!"

संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं ते सीटकव्हर अर्धंच झालं होतं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि पाय पॅडलवर टाकला.